बाबाने भरलेली रंगपेटी

४ जानेवारी, शनि.

आईने आज भाकरी थापता थापता विचारलं, "यानं पुढं काय होनार गो?" 'यानं' म्हणजे चित्रं काढण्याने. बी.एस्सी.च्या वेळी हाच प्रश्न विचारायची तेव्हा निदान "नोकरी" म्हणता यायचं. आता नोकरी आहे, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या क्लासमध्ये सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. तरी एक रविवार सोडून वही घेऊन शिवमंदिराबाहेर उन्हात बसावंसं वाटतं. का? लिहायला घेतलं की सुचेल असं वाटलं होतं. नाही सुचलं.

नीलिमाताई रविवारी चित्रं काढणाऱ्या आमच्या मंडळीतल्या सगळ्यात मोठ्या. बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. मागच्या वेळी माझा ब्रश हातात घेऊन म्हणाल्या, "हा ब्रश नाही ग, दातघासणी आहे." सगळे हसले. मीही. शाळेतल्या जलरंगाच्या वड्यांवर किती दिवस काढायचे? नवीन घ्यायचं ठरवलं. ताईंचा सल्ला: सहा-सात रंग, एकच बरा ब्रश, कागद चांगला. "पेटीत गर्दी केलीस की चित्रात गर्दी होते."

७ जाने., मंगळ.

रंग घ्यायचे म्हटल्यावर बाबा खाटेवरून उठून बसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा कशात तरी लक्ष घातलं त्याने.

"एकली जाशील तर दुकानवाला फसवल. मी येतंय."

खरं तर रंगातलं बाबाइतकं कोणाला कळतं आमच्यात? तीस वर्षं उल्हासनगरच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात. हेल्पर म्हणून लागला, शेड मास्तर झाला. गिऱ्हाइकाचा कापडाचा तुकडा आला की बघून सांगायचा, यात काय किती पडलंय. शाळा चौथी. दिवाळीआधी नेव्ही ब्ल्यूचा एक लॉट काळा निघाला म्हणून शेठने बोल लावला आणि घरी बसवलं. बाबा म्हणतो लॉट बरोबर होता, शेठला म्हाताऱ्या माणसांना काढायचं होतं, निमित्त केलं. आमच्या गल्लीत प्रत्येकाला त्याने हे सांगून झालंय. आम्ही सगळे शेठवर चिडून आहोत. मी सगळ्यात जास्त.

११ जाने., शनि.

कॅम्प चारला जाऊन आलो. शेअर रिक्षात बाबा नवा पांढरा शर्ट घालून पुढे ड्रायव्हरजवळ. शर्ट पांढरा म्हणजे आमच्या घरचा पांढरा. बाबा स्वतः नीळ घालतो हल्ली, आईने घातलेली त्याला पुरत नाही. गल्लीतली पोरं म्हणतात, काका, आभाळ घालून कुठे चाललात.

दुकान चिंचोळं, वर छतापर्यंत माल. सिंधी अंकल. मी ब्रश हातात न घेता नुसती बघत राहिले, तर तेच म्हणाले, "बेटा, देखने से थोड़ी मालूम पड़ेगा? पानी में डालो." आणि स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. ब्रश बुडवायचा, झटकायचा, टोक जुळतं का बघायचं. सहा ब्रशचा सेट दिसायला सुंदर, पण झटकल्यावर प्रत्येकाचे केस चहूकडे. बाबाने सुटे ब्रश मागवले. डोळ्यांनी बघितलंच नाही, अंगठा आणि बोटात धरून पोट दाबायचा, मग तळहातावर वाकवून सोडायचा. एक आठ नंबरचा गोल ब्रश दिला माझ्या हातात. "यो बघ. पोटात पानी धरतंय आनि नाक सोरत नाय." खरंच, टोक सुईसारखं. खारीच्या केसांचा एक होता, त्याहून मऊ, पण बाबा म्हणाला वाकला की सरळ होत नाही, आळशी आहे. आठ नंबर घेतला. आणि बारीक कामाला एक तीन नंबरचा.

रंगांच्या सुट्या ट्यूबा त्यांच्याकडे नव्हत्या. बारा ट्यूबांचा खोका घ्यावा लागला. ताईंचे सहा राहिले बाजूला. एक रिकामी पत्र्याची पॅलेट मिळाली, बारा छोट्या डब्या बसतात तिच्यात, झाकणात रंग कालवायला जागा. छान आहे. बंद होताना टक् असा आवाज येतो.

कागदावरून मात्र बाबाचं भांडण. जाड सुती कागद काढला अंकलनी. बाबा म्हणाला, "ये पीला मार रहा है."

"चाचा, एकदम व्हाइट है."

"मेरे को मत सिखाओ. तीस साल शेड देखा मैं."

"तो चश्मा भी लाया करो ना साथ में!"

बाबा लालबुंद. मला अंकलचा राग आला. बाबाच्या पसंतीचा दुसरा कागद घेतला, पातळ, गुळगुळीत. माझ्या डोळ्यांना दोन्ही पांढरे वाटले, पण माझे डोळे ते काय.

१२ जाने., रवि.

आज मंडळींचा रविवार नव्हता, पण क्लासची जादा तासिका होती. परत येते तर बाबाने पॅलेट भरून ठेवली! ओट्याजवळ पाट घेऊन बसला होता. बाराही डब्या काठोकाठ, एक थेंब बाहेर नाही. फिक्याकडून गडदाकडे लावलेत, डाइंगमध्ये नमुने लावतात तसे. झाकणाच्या आत कागदाची पट्टी चिकटवलीय, तिच्यावर त्याच्या मोठमोठ्या अक्षरात: पिवला, नारिंगी, लाल... शेवटी निला, जांभला, काला. ट्यूबेवरची इंग्रजी नावं त्याला वाचता येत नाहीत. डोळ्यांनी ओळखून लिहिलं सगळं.

"दोन दिस वालू दे. ओला रंग खोटं बोलतो."

वाक्य वहीत लिहून घेतलं. मुलांना सांगणार.

दुपारी गजाकाकाचा फोन. बाबाबरोबर डाइंगला होता, आता बदलापूरच्या एका कारखान्यात आहे. तिथे शेड बघायला अनुभवी माणूस हवाय. ३ फेब्रुवारी, सोमवारी बाबाला बोलावलंय. तीन नमुने देणार, जुळवून दाखवायचे. जमलं की लगेच कामावर. बाबा फोन ठेवून नुसता हसत होता. आईने न विचारता चहा ठेवला.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.

आईने गडद निळं लुगडं नेसलं. काळं मिळालं नाही मनासारखं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चालतंय, संक्रांतीला गडद असलं की झालं." बाबाने दारातून बघितलं आणि म्हणाला, "काला रंग शोभतो गो तुला."

आई: "आंधला झालास का? निलं हाय."

बाबा: "हां, तेच."

हसलो सगळे. तिळगुळ फार कडक झालेत या वेळी.

१९ जाने., रवि.

शिवमंदिर. नवी पेटी, नवा ब्रश. सकाळचं ऊन मंदिराच्या पूर्वेच्या भिंतीवर तिरपं पडतं तेव्हा त्या शेकडो मूर्ती एकदम पुढे येतात. दुपारी त्या पुन्हा भिंतीत जातात. मला ते पुढे येणं पकडायचं होतं. म्हणजे सावल्या पकडायच्या.

ब्रश फार सुंदर चालतो. एकदा भरला की अख्खी कमान ओढून होते. कागदाने मात्र दगा दिला, पाणी लागताच पापडासारखा फुगला. मग सावल्यांसाठी काळा घेतला. पट्टीवर शेवटची डबी. डबीत वाळलेला रंग काळाच दिसत होता. ओला असताना गडद होता म्हणून लक्षात आलं नाही, मी भराभर लावत गेले. वाळल्यावर बघते तर

जांभळं मंदिर. वांग्यासारखं.

"अरे वा, बारशाला सजवलंय वाटतं महादेवाला," मंडळीतले एक काका. सगळे आपापल्या वह्या सोडून बघायला आले. मी म्हटलं, काळाच घेतला होता. नीलिमाताईंनी माझ्या पेटीतल्या शेवटच्या तीन डब्यांतून एकेक थेंब उचलून कागदाच्या कोपऱ्यात लावला. काळ्याच्या जागी जांभळा. जांभळ्याच्या जागी काळा. "गडद रंग डबीत वाळले की सगळे सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या, "म्हणून आधी पट्टी रंगवून बघायची. कोणी भरली?"

"वडिलांनी. ते शेड मास्तर होते."

ताई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काळा वापरूच नकोस या दगडाला. निळा आणि काव मिसळ. मिसळून बघितलं. खरंच दगड आला. थंड, थोडा करडा, जिवंत. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

घरी आल्यावर ट्यूबा काढून पाहिल्या. बाबा समोरच होता. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, यातली काळी कोणती रे?" ट्यूबेचं तोंड पिळून दोन ठिपके काढले. त्याने जांभळ्यावर बोट ठेवलं. अजिबात न थांबता.

२० जाने., सोम.

झोपेतून उठल्यापासून एकेक गोष्ट येऊन बसतेय. शर्टाची नीळ. कागद पिवळा. लुगडं काळं.

आणि नेव्हीचा लॉट.

शेठ खरं बोलत होता.

२२ जाने., बुध.

क्लास सुटल्यावर नीलिमाताईंना फोन केला. म्हटलं, तुम्ही रविवारी गप्प का झालात. त्या म्हणाल्या, मला तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मोतीबिंदू. सगळ्या जगावर चहाचं पाणी ओतल्यासारखं दिसतं, पण हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. निळा आणि जांभळा आधी जातात. त्यांनी वर्षभर आकाशं भडक निळी रंगवली आणि कोणी बोललं तर त्याच्यावरच चिडल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. "दोन वेगळी घरं होती ग. एका घरात भिंती पांढऱ्या, दुसऱ्यात पिवळट." त्या जुनी चित्रं काढून बसल्या होत्या आणि रडल्या होत्या.

"बरं होतं ना पण?"

"होतं की. पण आधी मान्य करावं लागतं."

बाबा आणि मान्य करणं.

ऑपरेशन होऊन डोळा ठीक बसायला काही आठवडे. म्हणजे तीन तारखेचं बदलापूर गेलं. आणि न सांगता त्याला तसंच पाठवलं तर? तीन नमुने. त्यात एक निळा असणारच. दहा लोकांसमोर, गजाकाकासमोर, पुन्हा तेच.

२४ जाने., शुक्र.

आईला सांगितलं. बाबा बाजारात गेला होता. लुगड्याच्या पदराला बोटं पुसत राहिली खूप वेळ.

"तुना कोनी सांगलं?"

सगळं सांगितलं. ठिपके दाखवले.

"नको बोलू त्याला."

"आई, तिथे जाऊन नापास होईल तो."

"होऊ दे. तवा कारखानावाला वाईट ठरंल, तो नाय. दिवालीपासून बघतंय मी. मानूस भिंतीकडं तोंड करून झोपायचा. आता सकाली उठून दाढी करतो. तू शिकलीस ती अशी बापाची मापं काढायला?"

शेवटचं वाक्य लागलं. लागलं कारण अर्धं खरं आहे. रविवारी ट्यूबेतले ठिपके काढून विचारलं तेव्हा मी मुलगी नव्हते, परीक्षा घेत होते.

पण वर्गात मी मुलांना काय शिकवते? दिसतं ते लिहा, दिसायला हवं ते नाही. प्रयोगवहीत आकडा खोडून पुस्तकातला घालणाऱ्याला उभं करते मी.

२६ जाने., रवि.

सकाळी बाबाने आपणहून विचारलं, जुना चित्राचा कागद कुठाय, मंदिराचा, बघू. मी लपवला होता. म्हटलं, कागद फुगला म्हणून बिघडलं. म्हणाला, "दाखव तर, चूक कळल." नाही दाखवलं. खोटं बोलले पहिल्यांदा त्याच्याशी रंगाबद्दल.

मग एकटीच बदलापूरला उल्हास नदीवर गेले. ओंडक्यावर बसून एकच गोष्ट केली, आठ नंबरने एका रंगाच्या पट्ट्या. भरपूर रंगापासून नुसत्या पाण्यापर्यंत. बाबाचा ब्रश चुकत नाही. हे लिहून ठेवते: ब्रश निवडताना तो एकदाही चुकला नाही, कारण हाताने निवडला. पॅलेट तिथेच नदीच्या पाण्यात धुऊन नव्याने भरावी असं मनात आलं. त्याच्या हातची पट्टी निघाली असती झाकणावरची. नाही धुतली. कुठली डबी खोटी आहे हे आता मला पाठ आहे.

२९ जाने., बुध.

आज सांगणार होते. बाबा दाढी करत होता.

मी: "बाबा, डोळे दाखवायचे का एकदा? चष्म्यासाठी."

बाबा: "माझा डोला? माझ्या डोल्यावर लोकांनी लगीनाचे शालू रंगवले गो. मना चश्मा काय?" आणि आरशात माझ्याकडे बघून, "तुझं तू बघ, अंधारात वाचतंस."

मी "बरं" म्हटलं.

बरं! भित्री.

३१ जाने., शुक्र.

गजाकाका येऊन गेला. बाबाला म्हणाला, तू आलास की त्या नव्या पोरांना शिकव, कोणालाच काही येत नाही. बाबाने त्याला सांगितलं, आपण नवा माणूस कसा पारखायचो आठवतं? रंगाच्या एकाच घराण्यातले सात गडद तुकडे, कोऱ्या चिठ्ठ्यांवर चिकटवलेले, नाव मागे. फिक्याकडून गडदाकडे ओळीने लाव म्हणायचं. तोंडाने कितीही बोलू दे, हात खरं सांगतो. दोघं हसत होते. किती जण पळाले त्या चिठ्ठ्यांना घाबरून.

मी आत भांडी लावत होते. सगळं ऐकू आलं.

१ फेब्रु., शनि. दुपार.

सकाळी आई मंदिरात गेल्यावर चांगल्या कागदाचे सात चौकोन केले (ताईंनी त्यांच्याकडचा सुती कागद दिला होता). आकाशी, दोन निळे, नेव्ही, जांभळा, जांभळट काळा, काळा. प्रत्येकाला दोन हात दिले, वाळू दिले, मग पुन्हा बघितले. मागे नावं लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. ब्रश नीट चालला.

बाबा दारात पाटावर बसला होता, बाराच्या उन्हात. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि चिठ्ठ्या ठेवल्या. म्हटलं, "बाबा, तुझ्या कारखान्यातला खेळ आहे. लाव ओळीने. मागे बघायचं नाही."

माझ्या तोंडाकडे बघितलं त्याने. त्याला खेळ वाटला नाही, हे मला तेव्हाच कळलं. तरी लावायला घेतल्या.

पहिल्या तीन बरोबर. चौथ्यावर थांबला. उचलली, उन्हात तिरकी धरली, अंगठ्याने पुसली, पुन्हा धरली. नेव्हीला शेवटी नेलं. जांभळ्याला तिच्याशेजारी. मग परत बदललं. मग पुन्हा. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, त्याला आईची ओळख आहे, "वैनी नाय काय?" म्हणून विचारलं. बाबाने मान हलवून त्याला घालवलं. चिठ्ठ्यांवरून नजर न काढता.

"झालं," म्हणाला.

त्यानेच चिठ्ठ्या उलट्या केल्या. एकेक. वाचायला त्याला वेळ लागतो, अक्षर अक्षर लावून वाचतो. काळा म्हणून ठेवलेली जांभळी निघाली. नेव्ही म्हणून ठेवलेली काळी.

"कधीपासून ठाऊक हाय?"

"एकोणीस तारखेपासून."

"आईला पन?"

"तिलाही."

नेव्ही आणि काळी उचलून त्याने शेजारी शेजारी धरल्या. मग, शेठचं नाव न घेता, "त्यानं मना लॉट उन्हात नेऊन दाखवला व्हता. मी बोललो, तुझं ऊनच खराब." आणि हसला थोडा. ते हसणं मला सहन झालं नाही. म्हटलं, मोतीबिंदू आहे बाबा, निघतो, नीलिमाताईंचा निघाला, त्यांच्या डॉक्टरांचा नंबर घेतलाय. एका श्वासात सगळं.

"सोमवारी?" एवढंच म्हणाला. मला विचारत होता की स्वतःला, कळलं नाही.

शर्ट घालून चपला चढवल्या. "येतंय" म्हणाला, कुठे ते नाही.

आई आली तेव्हा चिठ्ठ्या तशाच दारात. तिने बघितल्या, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "दाखवलं मी." वाटलं ओरडेल. पिशवी खाली ठेवली आणि माझ्याबरोबर चिठ्ठ्या गोळा करायला बसली. पाचच आहेत. नेव्ही आणि काळी तो घेऊन गेलाय.

चार वाजलेत. अजून आलेला नाही. गजाकाकाचा फोन आला होता, बाबाचा मोबाइल इथेच खाटेवर आहे. आम्ही दोघींनी उचलला नाही.